कोणता ब्राउझर रॅम कमी खातो, यापेक्षा कोणता ती वेळेवर सोडतो?

आठ जीबी रॅमचा लॅपटॉप, वीस-पंचवीस उघडे टॅब, त्यात एखादा व्हिडिओ कॉल, आणि माउस अडखळायला लागतो. मग आपण टास्क मॅनेजर उघडतो, ब्राउझरच्या नावापुढचा आकडा बघून हादरतो आणि दुसरा ब्राउझर उतरवून घेतो. सुरुवातीला मशीन हलकं वाटतं, कारण नव्या ब्राउझरमध्ये टॅब कमी असतात आणि एक्सटेन्शन तर नसतातच. काही आठवड्यांत पुन्हा तीच रड.

ब्राउझर बदलावा की नाही, या विचारात तुम्ही असाल तर हा आढावा तुमच्यासाठी आहे. माझं मत आधीच सांगतो. नुसता आकडा बघून निवड करू नका. रॅम कमी पडायला लागली की ब्राउझर काय सोडतो, कधी सोडतो आणि सोडताना तुमचं अर्धवट काम सांभाळतो का, हे बघा. आजच्या ब्राउझरांमधला खरा फरक तिथे आहे.

आकड्यावर किती विसंबायचं

एकाच ब्राउझरच्या अनेक प्रोसेस, म्हणजे एकमेकींपासून वेगळे चालणारे त्याचे भाग, मेमरीचा काही भाग वाटून वापरतात. टास्क मॅनेजरमधला सामाईक मेमरीही धरणारा रकाना निवडून सगळ्या ओळींची बेरीज केली, तर हा सामाईक भाग पुन्हा पुन्हा मोजला जाऊ शकतो. मॅकवर उलटा घोळ होतो. अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये सफारीची पानं वेबसाइटच्या पत्त्याने वेगळ्या ओळींत दिसतात, म्हणून नुसती 'सफारी' ही ओळ पाहणाऱ्याला तो फारच काटकसरी वाटतो.

शिवाय मोकळी रॅम असेल तर ब्राउझर ती वापरतोच, आणि त्यात गैर काही नाही. 'मागे' बटण दाबल्यावर आधीचं पान लगेच दिसतं, कारण ते अख्खं मेमरीत जपून ठेवलेलं असतं. क्रोम तर मशीनमध्ये किती रॅम आहे हे पाहून प्रोसेसची मर्यादा ठरवतो. त्यामुळे १६ जीबीच्या मशीनवर काढलेला आकडा ४ जीबीवाल्याच्या कामाचा नाही. तुलना करायचीच असेल तर तेच टॅब, तीच लॉगिनं, तीच एक्सटेन्शन ठेवून निदान अर्धा तास नेहमीचं काम करा आणि मग आकडे बघा. कोऱ्या टॅबांवर घेतलेल्या चाचण्यांतून काही हाती लागत नाही.

एवढी मेमरी लागते कशाला

२००८ मध्ये क्रोम आला तो प्रत्येक टॅबला शक्यतो वेगळी प्रोसेस देण्याची रचना घेऊन. एक पान कोसळलं तरी बाकीची चालू राहायची. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधल्या स्पेक्टर या त्रुटीची माहिती जाहीर झाली आणि प्रश्न नुसता कोसळण्याचा राहिला नाही. एकाच प्रोसेसमध्ये दोन वेबसाइट असतील तर एकीचा कोड दुसरीचा डेटा वाचण्याचा धोका समोर आला. त्याच वर्षी क्रोम ६७ मध्ये डेस्कटॉपवर साइट आयसोलेशन सरसकट सुरू झालं. पानात दुसऱ्या साइटची चौकट असली तर तिलाही वेगळी प्रोसेस. याची किंमत म्हणून मेमरी साधारण १० ते १३ टक्के जास्त लागेल, असं गुगलने तेव्हाच सांगितलं होतं.

फायरफॉक्स या वाटेवर उशिरा आला. २०१६ मध्ये त्याने पानांची प्रोसेस ब्राउझरच्या मुख्य प्रोसेसपासून वेगळी करायला सुरुवात केली, आणि २०२१ च्या अखेरीस 'फिशन' या नावाने साइटगणिक वेगळेपणही आणलं. 'पूर्वीचा फायरफॉक्स किती हलका होता' असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. तो हलकेपणा परत हवा असेल तर बँकेचं पान आणि कुठली तरी अनोळखी जाहिरात एकाच प्रोसेसमध्ये नांदवावी लागेल. मला ते नको. एवढी मेमरी मी खुशीने देतो.

क्रोम आणि एज

दोघांचं इंजिन, म्हणजे पान उभं करणारा गाभा, एकच, क्रोमियम या खुल्या प्रकल्पाचं. त्यामुळे इंजिनात होणाऱ्या सुधारणा दोघांच्याही वाट्याला येतात. २०२० मध्ये क्रोम ८० बरोबर व्ही८ या जावास्क्रिप्ट इंजिनात पॉइंटर कॉम्प्रेशन आलं. ६४ बिटांचे पत्ते ३२ बिटांत साठवायची ही युक्ती आहे. तिच्यामुळे व्ही८ची हीप मेमरी (जावास्क्रिप्टचा डेटा राहतो ती जागा) ४३ टक्क्यांपर्यंत आणि पानाच्या प्रोसेसची मेमरी २० टक्क्यांपर्यंत घटली. २०२१ च्या क्रोम ८९ ने मेमरी वाटपाची पद्धत बदलली, आणि विंडोजवर मुख्य प्रोसेसची मेमरी २२ टक्क्यांपर्यंत खाली आली. मग मशीन तरीही का रडतं? कारण पानं त्याहून वेगाने फुगत गेली. ईमेल, ऑफिसची कागदपत्रं, चॅट, डिझाइन हे सगळं आता टॅबमध्ये चालतं.

वागण्यात मात्र दोघांत फरक आहे. २०२२ च्या अखेरीस आलेला क्रोमचा मेमरी सेव्हर न वापरलेला टॅब मेमरीतून काढून टाकतो. टॅबचं नाव पट्टीवर राहतं, पण त्यावर परत गेलात की पान नव्याने लोड होतं. आवाज चालू असलेले, पिन केलेले, फाइल उतरवत असलेले किंवा फॉर्म अर्धवट भरलेले टॅब तो वगळतो. मॉडरेट, बॅलन्स्ड आणि मॅक्सिमम अशा तीन पातळ्या आहेत, आणि ठरावीक साइट कधीच सोडू नका असंही सांगता येतं. टॅबवर माउस नेला की तो किती मेमरी घेतोय हे छोट्या कार्डावर दिसतं. ही सोय मला मनापासून आवडते. दोष कुणाचा, हे त्याशिवाय कळत नाही.

एजमधले स्लीपिंग टॅब (२०२१, आवृत्ती ८८) आधी टॅब गोठवतात. पान मेमरीतून लगेच जात नाही, त्याची धावपळ थांबते आणि क्लिक केलं की ते पुन्हा लोड न होता जागं होतं. सरासरी ३२ टक्के मेमरी वाचते, असं मायक्रोसॉफ्टने तेव्हा म्हटलं होतं. टॅब किती वेळाने झोपवायचा हे ३० सेकंदांपासून १२ तासांपर्यंत ठरवता येतं. नेट संथ असेल किंवा सारखं तुटत असेल, तर हा फरक फार मोलाचा ठरतो, कारण क्रोमने सोडलेला टॅब परत आणायला नेट लागतंच. पण एजमध्ये एक गोष्ट आवर्जून तपासा. स्टार्टअप बूस्ट चालू असेल तर ब्राउझर उघडण्याआधीच त्याच्या काही प्रोसेस मेमरीत बसलेल्या असतात. रॅम तुटपुंजी असेल तर तो बंद करा.

फायरफॉक्स

फायरफॉक्सची रीत वेगळी आहे. घड्याळ बघून टॅब सोडण्यापेक्षा तो प्रणालीकडे बघतो. मोकळी मेमरी खरोखर संपत आली की मगच, बराच काळ न पाहिलेल्या टॅबपासून सुरुवात करून, तो टॅब उतरवतो. विंडोजवर हे ऑक्टोबर २०२१ मध्ये, आवृत्ती ९३ पासून सुरू झालं. जून २०२५ च्या आवृत्ती १४० पासून टॅबवर उजवं क्लिक करून तो स्वतःही उतरवता येतो. ब्राउझर पुन्हा उघडल्यावर जुने टॅब तो क्लिक करेपर्यंत लोडच करत नाही. ज्यांचे शंभर-दोनशे टॅब कायम उघडे असतात, त्यांच्यासाठी माझ्या मते हाच सर्वांत समजूतदार ब्राउझर आहे.

त्यातही एक सुधारणा सांगायलाच हवी. विंडोजवर मेमरी मागितली आणि मिळाली नाही की फायरफॉक्स कोसळायचा. बऱ्याचदा अडचण क्षणिक असायची, कारण विंडोज पेजफाइल (रॅम कमी पडली की डिस्कवरची वापरायची जागा) वाढवायला थोडा वेळ घेतं. २०२२ मध्ये फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या लोकांनी एवढंच केलं की नकार मिळाल्यावर क्षणभर थांबायचं आणि पुन्हा मागायचं. मेमरी संपल्यामुळे होणारे क्रॅश ७० टक्क्यांहून अधिक घटले. मेमरीचा वापर एका बाइटनेही कमी न करता वापरणाऱ्याचा त्रास इतका कमी करता येतो. टास्क मॅनेजरच्या आकड्यात हे कधीच दिसणार नाही.

कोण किती खातंय हे बघायला फायरफॉक्समध्ये अ‍ॅड्रेस बारवर 'अबाउट:प्रोसेसेस' हे पान आहे. क्रोममध्ये आणि एजमध्ये शिफ्ट-एस्केप दाबा.

सफारी, ब्रेव्ह, ऑपेरा

मॅकवर सफारीला घरचा फायदा मिळतो. मॅकओएस २०१३ पासून मेमरी दाबून साठवतं आणि सफारी त्या व्यवस्थेशी जुळवून घेतो. फार मेमरी खाणाऱ्या पानावर तो इशाराही देतो. पण कोणता टॅब कधी सोडायचा यावर तुमचा ताबा जवळजवळ नाही.

ब्रेव्ह क्रोमियमचाच आहे. तो हलका वाटतो याचं मोठं कारण म्हणजे तो जाहिराती आणि ट्रॅकर मुळातच लोड होऊ देत नाही. जाहिरातींनी भरलेल्या बातम्यांच्या साइट दिवसभर उघडत असाल तर हा फरक ठळक जाणवेल, ऑफिसची वेब अ‍ॅप वापरत असाल तर फारसा नाही. ऑपेरा जीएक्स २०१९ पासून रॅमला मर्यादा घालायची सोय देतो. ऐकायला छान आहे, पण मर्यादा फार खाली ओढली तर पानंच अडखळायला लागतात.

एक्सटेन्शन ही सगळीकडची डोकेदुखी आहे. काही एक्सटेन्शन प्रत्येक पानात आपला कोड घालतात, म्हणजे टॅब वाढले की त्यांचा खर्चही वाढतो. चांगला जाहिरातरोधक मात्र स्वतः मेमरी घेऊनही एकूण हिशेबात बहुधा वाचवतो. युब्लॉक ओरिजिन या जुन्या, पूर्ण ताकदीच्या जाहिरातरोधकाला क्रोमने मॅनिफेस्ट व्ही३ या एक्सटेन्शनांच्या नव्या नियमावलीच्या निमित्ताने बाहेर काढलं, आता तिथे त्याची लाइट आवृत्ती चालते. फायरफॉक्सवर मूळ एक्सटेन्शन आजही चालतं, आणि ब्राउझर निवडताना मी हे मेमरीच्याच खात्यात धरतो.

पुढे काय येतंय, आणि काय यावं

वाट बघण्यासारखं काही आहे का? सर्व्हो हे रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेलं इंजिन २०१२ मध्ये मोझिलात सुरू झालं, ते आता लिनक्स फाउंडेशन युरोपच्या छत्राखाली वाढतंय. लेडीबर्ड हा शून्यापासून लिहिला जाणारा ब्राउझर आहे, आणि लिनक्स व मॅकओएसवरच्या त्याच्या अल्फासाठी (पहिल्या कच्च्या आवृत्तीसाठी) २०२६ चं उद्दिष्ट जाहीर झालं होतं. दोन्हींबद्दल मला आस्था आहे, कारण इंजिनांची संख्या वाढायलाच हवी. पण रॅम वाचवायची म्हणून त्यांच्यासाठी थांबू नका. अपुऱ्या सोयींचा ब्राउझर हलका असतोच. आजच्या वेबच्या सगळ्या मागण्या पुरवल्यावर तो किती हलका राहतो, हे नंतरच कळेल.

जवळच्या काळात फायदा होईल तो वेबअसेम्बलीतल्या (जावास्क्रिप्टखेरीज इतर भाषांतला कोड ब्राउझरमध्ये चालवायच्या तंत्रातल्या) कचरासफाईच्या, म्हणजे नको झालेली मेमरी मोकळी करण्याच्या, नव्या सोयीचा. पूर्वी काही भाषांत लिहिलेल्या अ‍ॅपना मेमरी साफ करणारी स्वतःची यंत्रणा बरोबर आणावी लागायची, आता ती ब्राउझरचीच वापरू शकतात. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये ही सोय २०२३ मध्ये आली, सफारीत २०२४ च्या अखेरीस. अ‍ॅप बनवणाऱ्यांनी ती वापरायला घेतली की त्यांची पानं हलकी होतील.

काळजी वाटते ती ब्राउझरमध्ये बसवल्या जाणाऱ्या एआय मॉडेलांची. क्रोममधल्या जेमिनी नॅनो या गुगलच्या मॉडेलसाठी २२ जीबी मोकळी डिस्क लागते, शिवाय ४ जीबीहून अधिक व्हिडिओ मेमरी किंवा १६ जीबी रॅम. मशीनवरच भाषांतर व्हावं, मजकूर बाहेर जाऊ नये, हे मलाही हवंय. पण अशा सोयी विचारून सुरू व्हाव्यात, आणि त्यांनी किती मेमरी धरली आहे हे टॅबइतकंच स्पष्ट दिसावं.

आणखी एक मागणी आहे. पान किती मेमरी घेतंय हे साइट बनवणाऱ्यालाच मोजता यावं म्हणून क्रोम ८९ मध्ये एक एपीआय (साइटच्या कोडला ब्राउझरकडून माहिती मागायची सोय) आला. फायरफॉक्सने आणि सफारीनेही तो घ्यावा. फुगलेल्या पानाचं खापर ब्राउझरवर फुटतं, तोवर ते पान बनवणाऱ्याला सुधारणेची निकड वाटणार नाही.

मग आज काय निवडायचं

४ जीबी रॅम आणि विंडोज असेल तर एज घ्या, स्टार्टअप बूस्ट बंद करा, टॅब पाच मिनिटांत झोपतील असं ठेवा. एज नकोच असेल तर क्रोम, मेमरी सेव्हर मॅक्सिममवर. ८ जीबी आणि टॅबांचा ढीग असेल तर फायरफॉक्स आणि युब्लॉक ओरिजिन, मी तरी हेच घेईन. पण दिवसभर गुगलच्या कागदपत्रांत आणि मीटवर काम असेल तर क्रोमच ठेवा आणि त्या दोन साइट मेमरी सेव्हरच्या अपवादांत टाका. मॅकबुक बॅटरीवर चालवत असाल तर सफारी. १६ जीबी किंवा जास्त असेल तर मेमरीचा विचार बाजूला ठेवून बाकीच्या आवडीनिवडींवर ठरवा.

आयफोनवर मात्र युरोपीय संघ आणि जपान सोडून बाकी ठिकाणी सगळ्या ब्राउझरांना अ‍ॅपलचं वेबकिट इंजिनच वापरावं लागत आलं आहे, त्यामुळे तिथे मेमरीसाठी ब्राउझर बदलून फारसं काही पदरात पडत नाही.