जुना व्हॉल्व्ह सोबत नेऊ देऊ नका

सावद्याजवळ माझे केळी पिकवायचे दोन चेंबर आहेत. चिलरचं, गोठू नये म्हणून ग्लायकोल मिसळलेलं थंड पाणी प्रत्येक खोलीच्या कॉइलमध्ये जातं. ते किती सोडायचं हे मोटरवरचा कंट्रोल व्हॉल्व्ह ठरवतो. मे महिन्यात, बाहेर ४५ अंशांचं ऊन असताना, एक नंबरची खोली रात्रीतून ११ अंशांवर उतरली. १३ अंशांच्या खाली केळीला थंडी बाधते. सकाळी एका फणीतलं केळं नखाने खरवडलं तर सालीखाली तपकिरी रेषा. असा माल पिवळाधमक होत नाही, राखाडी पडतो. निम्म्या भावात द्यावा लागला.

मेकॅनिक आला, पाइपला हात लावला आणि म्हणाला, "दादा, बॉडीच गेली. अख्खा व्हॉल्व्ह बदलावा लागेल." मीटर काढलं नाही, काही उघडलं नाही. केळीची दुसरी गाडी दारात उभी होती, मी हो म्हणालो. ४२,००० रुपये रोख दिले. जुना व्हॉल्व्ह "भंगारात टाकतो" म्हणत त्याने पिशवीत घातला. बिल मागितलं तर कोऱ्या कागदावर 'व्हॉल्व्ह १ नग' एवढंच.

त्यानंतर खोली स्थिर राहिलीच नाही. कधी १४, थोड्या वेळाने १९, पुन्हा खाली. दोन महिन्यांत स्पिंडलपाशी, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्यापाशी, थेंब गळू लागला, आणि तेवढ्यात दोन नंबरची खोलीही थंड पडायला लागली.

या वेळी फैजपूरच्या मित्राने एक जुने फिटर पाठवले. त्यांना सगळे आबा म्हणतात. आबांनी दोन नंबरपासून सुरुवात केली. आधी ॲक्चुएटरला, म्हणजे व्हॉल्व्हवरच्या मोटरला, २४ व्होल्ट येतात का ते पाहिलं, मग कंट्रोलरचा ० ते १० व्होल्टचा सिग्नल मोजला. सिग्नल शून्य, ॲक्चुएटरचा काटा बंदवर, तरी व्हॉल्व्हच्या पुढचा पाइप गारच. म्हणजे मोटर ठीक, पाणी सीटमधून, म्हणजे आतला प्लग जिथे टेकून पाणी अडवतो तिथून, झिरपतंय. दोन्हीकडचे कॉक बंद करून व्हॉल्व्ह उघडला. प्लग आणि सीटच्या मध्ये ज्वारीच्या दाण्याएवढा वेल्डिंगचा खडा अडकला होता. पाण्यातला कचरा अडवणाऱ्या स्ट्रेनरची जाळी फाटलेली होती, तिथूनच तो आला. खडा काढला, ओ-रिंग आणि पॅकिंगचं किट टाकलं, नवी जाळी बसवली. मजुरीसकट ३,८०० रुपये.

मग आबांनी एक नंबरच्या 'नव्या' व्हॉल्व्हवर थिनरचं फडकं फिरवलं. चंदेरी रंग निघाला आणि खाली पान्याचे जुने ओरखडे, आट्यांत काळा पडलेला टेफलॉन टेप. नेमप्लेट चिकटवलेली होती. कोपरा उचकटला तर खालचा नंबर कानशीने घासलेला. माझ्या चिलरच्या कागदांत केव्ही ६.३ लिहिलंय, यावर १०. केव्ही म्हणजे एक बार दाबफरकाला पूर्ण उघड्या व्हॉल्व्हमधून तासाला किती घनमीटर पाणी जातं तो आकडा. पाइप दोघांनाही एक इंचीच, म्हणून मला बाहेरून काहीच कळलं नाही. जास्त पाणी एकदम आत यायचं, खोली गार पडायची, व्हॉल्व्ह बंद व्हायचा, पुन्हा उघडायचा.

माझा मूळ व्हॉल्व्हही बहुतेक एका खड्यानेच अडला असावा. तो हातात असता तर उघडून बघता आला असता. म्हणून भावांनो, नेमप्लेटचा फोटो आजच काढून ठेवा, आणि सिग्नल न मोजता कुणी बॉडी गेली म्हणालं तर त्याला पुढचा नट खोलू देऊ नका. जुना भाग तुमच्याच शेडमध्ये राहू द्या. किट कोणत्या मॉडेलचं लागतं ते त्याच्यावरूनच कळतं.

एक नंबरसाठी आता ६.३ चा व्हॉल्व्ह मागवलाय, पक्क्या बिलावर, सिरीयल नंबर लिहून. त्या मेकॅनिकचा फोन तेव्हापासून बंद आहे.