सरकार आणि पालक यांच्यातली मध्यस्थी: चिबोक प्रकरणाचा रिव्ह्यू, स्टारसकट

आधीच सांगतो, मी अबुजात, म्हणजे नायजेरियाच्या राजधानीत, नोकरीला होतो तेव्हाचं हे प्रकरण, त्यामुळे थोडंफार डोळ्यांनी बघितलंय, पण चिबोकला मी कधी गेलो नाही आणि तिथल्या आईबापांच्या वतीने बोलायचा मला काडीचाही हक्क नाही. रिव्ह्यू आहे तो सर्व्हिसचा. म्हणजे मुली पळवल्यावर सरकार आणि घरचे यांच्या मधे उभं राहून इकडचा निरोप तिकडे आणि तिकडचा इकडे पोचवायचा, हे जे काम असतं ते कोणी कसं केलं त्याचा.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी पटकन. १४ एप्रिल २०१४ ची रात्र, नायजेरियाच्या ईशान्येला बोर्नो राज्यातलं चिबोक, मुलींची सरकारी शाळा. भाग इतका धोक्याचा की शाळा बंदच होती, फक्त शेवटच्या वर्षाच्या परीक्षेसाठी मुलींना परत हॉस्टेलवर बोलावलेलं. बोको हराम या इस्लामी दहशतवादी संघटनेची माणसं लष्करी कपड्यांत ट्रक घेऊन आली आणि २७६ मुलींना घेऊन गेली. ५७ जणी पळून आल्या, त्यातल्या काहींनी तर चालत्या ट्रकमधून उड्या टाकल्या. राहिल्या २१९.

आता सर्व्हिस. पहिला अनुभव असा की दोनच दिवसांत लष्कराने जाहीर केलं, आठ सोडून बाकी सगळ्या सुटल्या. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, छे, असं काही झालेलंच नाही. मग लष्कराने शब्द मागे घेतला. बास, इथेच माझ्या मते पहिला स्टार गेला आणि तो परत कधी मिळाला नाही, कारण ज्या आईने एकदा रेडिओवर ऐकून जीव भांड्यात पडल्यासारखं केलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच रेडिओने ते खोटं होतं म्हणून सांगितलं, ती पुढे सरकारी माणसाचं काय ऐकणार? गावातले बाप तोवर मोटरसायकली काढून, हातात धनुष्यबाण वगैरे घेऊन स्वतःच सांबिसाच्या जंगलाकडे, म्हणजे बोको हरामच्या अड्ड्याकडे, निघाले होते. त्यांना वाटेतल्या गावांनी परत पाठवलं, पुढे गेलात तर मुलीही जातील आणि तुम्हीही.

राष्ट्राध्यक्ष गुडलक जोनाथन पालकांना भेटले ते २२ जुलैला. मोजून बघा, शंभराला एक दिवस कमी. आणि तेही मलाला युसुफझाई अबुजात येऊन भेटून गेल्यावर. देशाच्या प्रमुखाला स्वतःच्या देशातल्या आईबापांना भेटायला एका शाळकरी मुलीने विमानाने येऊन सांगावं लागतं, यावर मी जास्त बोलत नाही, शब्द वाईट निघतील.

त्या दिवसांत मी संध्याकाळी ऑफिसमधून परतताना युनिटी फाउंटनवरून जायचो. हिल्टनसमोरची ती जागा. तिथे रोज लोक जमायचे, लाल कपडे, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कोणीतरी उभं राहून ओरडायचं 'आपली मागणी काय?' आणि बाकीचे, 'आमच्या मुली परत आणा, आत्ता आणि जिवंत!' माजी मंत्री ओबी एझेक्वेसिली त्यात पुढे असायच्या. मे महिन्यात गुंडांनी येऊन त्या खुर्च्या तोडल्या, लोकांना मारलं, तरी दुसऱ्या दिवशी माणसं हजर. मला वाटतं सरकारच्या दारात आईबापांची बाजू लावून धरायचं काम खरं इथेच झालं, फुकट, उन्हापावसात. साडेचार स्टार. अर्धा कापला कारण चिबोकची माणसं इतकी लांब की त्यांना रोज इथे येणं शक्य नव्हतं, आणि हळूहळू असं वाटायला लागलं की मुद्दा अबुजाचा झालाय. आमच्या ऑफिसचा ड्रायव्हर बोर्नोचा, तो एकदा म्हणाला, "ओगा (म्हणजे साहेब), बातमी आधी तुमच्या फोनवर येते, माझ्या मावशीकडे नंतर, कारण तिथे टॉवरच नाही." हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ऑक्टोबर २०१४ मधे संरक्षण दलप्रमुखांकडून अजून एक घोषणा, युद्धबंदी झाली, मुली सुटणार. काही दिवसांनी बोको हरामचा म्होरक्या अबुबकर शेकाऊचा व्हिडिओ, कसली युद्धबंदी, मुलींची लग्नं लावून टाकली. म्हणजे दुसऱ्यांदा तेच. स्टार द्यायला काही उरलंच नाही.

आता चांगल्याकडे येतो, नाहीतर म्हणाल नुसती कटकट करतोय.

मुली सोडवायला बोको हरामशी बोलणी करणारे झन्नाह मुस्तफा हे बोर्नोची राजधानी मैदुगुरीचे वकील. २००७ मधे त्यांनी अनाथ मुलांसाठी शाळा काढली, ३६ मुलांपासून सुरुवात. या शाळेची गंमत (गंमत म्हणू नये खरं तर) अशी की मेलेल्या सैनिकाचा मुलगा आणि मेलेल्या बोको हरामवाल्याचा मुलगा एकाच बाकावर बसतात. दोघांना तोच युनिफॉर्म, तेच जेवण. शहरातल्या बाकी शाळा हल्ल्यांच्या भीतीने बंद पडल्या तेव्हाही ही चालू होती. आता सांगा, अशा माणसाला जंगलातून निरोप आला तर तो खरा मानायचा की नाही? मध्यस्थाकडे गोड जीभ असावी असं आपण समजतो, पण मला वाटतं त्याहून जास्त लागतं ते आधीची दहा वर्षं. मुली पळवल्यावर घाईघाईने नेमलेल्या समितीकडे ती दहा वर्षं कुठून येणार?

स्विस सरकारनेही वाटाघाटींना हात दिला, आणि रेड क्रॉसने मुलींना आणण्याचं काम केलं. रेड क्रॉसचं मला एक आवडलं, ते स्वच्छ म्हणाले की आम्ही वाटाघाटीत नाही, आम्ही फक्त तटस्थ म्हणून ने-आण करतो. आपलं काम कुठे संपतं हे सांगणारी सर्व्हिस दुर्मिळ असते. १३ ऑक्टोबर २०१६ ला २१ मुली आल्या. ६ मे २०१७ ला ८२, त्यांच्या बदल्यात बोको हरामचे पाच कमांडर सोडले. पैसे दिले का यावर पुष्कळ छापून आलं, सरकार नाही म्हणतं, मी त्यात पडत नाही.

त्या ८२ जणींच्या वेळी मुस्तफा स्वतः गेले, हातात यादी, आणि एकेक नाव पुकारून मुलींना रस्त्याच्या कडेला ओळीत उभं केलं. मी हे वाचलं तेव्हा बराच वेळ तिथेच अडकलो. तीन वर्षं ज्यांना जग 'चिबोक गर्ल्स' म्हणत होतं, म्हणजे नुसता आकडा, त्यांची नावं त्या झाडीत कोणीतरी मोठ्याने वाचली. पाच स्टार. यूएनएचसीआरने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने, मुस्तफांना त्याच वर्षी नान्सेन पुरस्कार दिला, तो योग्यच.

आणि इथून पुढे परत सरकारकडे सूत्रं गेली आणि परत माती. सुटलेल्या मुलींची यादी टाकली कुठे, तर ट्विटरवर. मला अबुजात सोफ्यावर बसून ८२ नावं दिसली. ड्रायव्हरच्या मावशीच्या गावात आईबापांनी ती कशी बघितली असतील? मग फोटो पाठवले चिबोकला, ओळखा म्हणून, आणि प्रत्यक्ष भेट झाली २० मेला, दोन आठवड्यांनी, तीही अबुजात, म्हणजे बसने लांबचा प्रवास करून. त्याआधी २०१६ च्या ख्रिसमसला त्या २१ जणींना चिबोकला नेलं खरं, पण स्वतःच्या घरी जाऊ दिलं नाही, एका नेत्याच्या घरात ठेवलं, सुरक्षेसाठी म्हणे. सुरक्षेचा प्रश्न खरा होता, मी नाकारत नाही, गावाभोवती धोका होताच. पण अडीच वर्षांनी आपल्याच गावात आलेल्या मुलीला आपल्या घरचा उंबरा ओलांडता येत नाही, हे तिच्या आईला जाऊन समजावून सांगायला एक तरी भरवशाचा माणूस नेमायचा ना! एक स्टार, तो पण मुली जिवंत आल्या म्हणून.

वाटलं होतं एवढ्यातून शिकले असतील. १९ फेब्रुवारी २०१८, शेजारच्या योबे राज्यात दापची, परत मुलींची शाळा, ११० मुली. आणि राज्य सरकारने काय केलं? जाहीर केलं की लष्कराने मुली सोडवल्या! दुसऱ्या दिवशी माफी मागून मागे घेतलं. चार वर्षांपूर्वीची चूक जशीच्या तशी.

महिन्याने, २१ मार्चला, बोको हरामवाल्यांनीच बहुतेक मुलींना गाड्यांतून गावात आणून सोडलं आणि पालकांना बजावून गेले की परत शाळेत घालू नका. पाच मुली तोवर मेल्या होत्या. आणि लिआ शारिबू आली नाही, ती ख्रिश्चन, तिने धर्म सोडायला नकार दिला म्हणून मागे ठेवली. तिच्या आईला हे सांगायला कोणी अधिकारी आला नव्हता. परत आलेल्या मैत्रिणींनी सांगितलं.