नवा वेगवान मार्ग, की जुन्या मार्गाची सुधारणा?

दोन मोठ्या शहरांमध्ये वेगवान रेल्वे हवी असं ठरलं की चर्चा लगेच कमाल वेगावर येते. ताशी २५० किमी, ३०० की ३५०? माझ्या मते सुरुवात तिथून करूच नये. आधी ठरवायचं ते हे, की फक्त प्रवासी गाड्यांसाठी संपूर्ण नवा मार्ग टाकायचा, की आहे तोच मार्ग दुरुस्त करून त्यावरून २०० पर्यंत गाड्या पळवायच्या. दोन्हींत प्रचंड पैसा आहे, आणि एकदा रूळ पडले की पुढच्या दोन-तीन पिढ्या त्याच रुळांवरून जाणार आहेत.

आधी मिनिटं मोजू. शंभर किमी अंतराला ताशी १६० ने साडेसदतीस मिनिटं लागतात, २०० ने तीस, ३०० ने वीस, ३५० ने सतरा. म्हणजे १६० चा मार्ग सुधारून २०० वर नेला तर शंभर किमीमागे साडेसात मिनिटं वाचतात, आणि नवा ३०० चा मार्ग बांधला तर त्यावर आणखी दहा. शहरं दीडशे किमीच्या आत असतील तर नव्या मार्गाची जादा कमाई पाव तासाची. तेवढ्यासाठी डोंगर फोडावेत असं मला वाटत नाही. अंतर साडेचारशे किमी असेल तर मात्र फरक पाऊण तासाचा होतो, आणि तिथे विमानाचा प्रवासी रेल्वेकडे वळायला लागतो. पॅरिस–लिऑन प्रवास पूर्वी जवळजवळ चार तासांचा होता. १९८३ मध्ये नवा मार्ग पूर्ण झाल्यावर तो दोन तासांवर आला आणि त्या हवाई मार्गावरची गर्दी झपाट्याने ओसरली.

पण याच हिशेबाची दुसरी बाजू फार कमी वेळा मांडली जाते. शहरात शिरतानाचा दहा किमीचा पट्टा घ्या, जिथे वळणं, सांधे आणि जुने पूल यांमुळे गाडी ४० ने रांगते. तो पट्टा ८० चा केला तर साडेसात मिनिटं वाचतात. तेवढीच साडेसात मिनिटं ३०० चे ३५० करून मिळवायची असतील तर दोनशे साठ किमीहून लांब मार्ग त्या वेगाने धावायला हवा. शिवाय हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ३०० वरून ३५० वर जाताना तो सुमारे ३६ टक्क्यांनी जास्त. म्हणून कुठल्याही प्रस्तावात मी सर्वात आधी शहराच्या टोकाचे शेवटचे दहा किमी बघतो.

यानंतरचा मुद्दा क्षमतेचा, आणि निर्णय खरं तर इथेच होतो. एक आलेखकागद घ्या. आडव्या रेषेवर वेळ, उभ्या रेषेवर अंतर. प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ: मालगाडीची लोळलेली, जलद गाडीची जवळजवळ उभी. सगळ्या रेघा एकाच उताराच्या असतील तर त्या एकमेकींना खेटून बसतात आणि कागदावर भरपूर गाड्या मावतात. त्यात एक उभी रेघ घुसवली की तिच्यापुढे मोठी मोकळी जागा सोडावी लागते, नाहीतर ती पुढच्या संथ गाडीला जाऊन भिडते. जिथे रेघा छेदतात तिथे मालगाडीला लूप लाइनवर, म्हणजे बाजूच्या जादा रुळावर, घेऊन ताटकळत ठेवायचं. २०० ची एक गाडी अशा तऱ्हेने दोन-तीन संथ गाड्यांची जागा खाऊ शकते. आधीच तुडुंब भरलेल्या मार्गावर सुधारणा केली तर जलद प्रवाशाचा वाचलेला वेळ लोकलच्या आणि मालगाडीच्या खात्यातून वसूल होतो.

जपानने टोकियो–ओसाका नवा मार्ग बांधला त्यामागचं मोठं कारण हेच होतं. जुना टोकाइदो मार्ग गाड्यांनी भरून गेला होता, वेग हा त्याच्या जोडीने मिळालेला फायदा. १९६४ मध्ये सुरू झालेल्या ५१५ किमीच्या शिन्कान्सेन मार्गासाठी त्यांनी १,४३५ मिमीचं गेज (दोन रुळांमधलं अंतर) घेतलं, जुनं मात्र १,०६७ मिमीचं. त्यामुळे नवा मार्ग पूर्ण अलिप्त राहिला आणि जुन्या मार्गावरचा गोंधळ नव्यावर सांडत नाही. त्याची किंमत अशी, की शहराच्या आतपर्यंत नवेच रूळ न्यावे लागले.

आता जमीन बघू. वळणाची लागणारी त्रिज्या वेगाच्या वर्गाने वाढते: १५० ला एक किमी त्रिज्या पुरत असेल तर ३०० ला चार किमी हवी. त्यामुळे नागमोडी जुन्या मार्गाची सुधारणा थोड्याच ठिकाणी साधते. झुकणाऱ्या डब्यांच्या गाड्या हा एक मार्ग आहे, स्वीडनने १९९० पासून तशा गाड्या जुन्या रुळांवरून २०० ने चालवल्या. पण डबा झुकल्याने फक्त प्रवाशाला बसणारा बाजूचा रेटा कमी होतो, रुळावर येणारा जोर तेवढाच राहतो. उलट मूळ आखणीच सरळ असेल तर सुधारणा सोन्यासारखी. ब्रिटिश अभियंता ब्रुनेलने लंडन–ब्रिस्टल मार्ग १८३० च्या दशकात इतका सपाट आणि सरळ आखला होता की १९७६ मध्ये त्यावरून २०० च्या डिझेल गाड्या धावू लागल्या.

नव्या मार्गावर मालगाड्याही चालवू, म्हणजे खर्च वसूल होईल, ही सूचना ऐकायला शहाणपणाची वाटते. ती मला महागडी वाटते. जड गाडीसाठी चढ सौम्य लागतो, आणि सौम्य चढ म्हणजे बोगदे. जर्मनीचा हॅनोव्हर–वुर्झबुर्ग मार्ग दोन्हींसाठी बांधला. तिथे चढ हजारी साडेबारा, म्हणजे हजार मीटरमागे साडेबारा मीटर, आणि एक तृतीयांशाहून जास्त लांबी बोगद्यांत. पॅरिस–लिऑन फक्त प्रवाशांसाठी. तिथे हजारी ३५ चा चढ घेतला आणि मूळ मार्गावर एकही बोगदा लागला नाही. भूगोल वेगळा आहे हे मान्य, तरीही फरक बोलका आहे.

सुधारणा स्वस्त असते हेही डोळे मिटून धरू नये. चालू वाहतुकीखाली काम म्हणजे रात्रीचे काही तास, रविवारचे ब्लॉक आणि सकाळी वेळेत मार्ग मोकळा करायची धावपळ. ब्रिटनच्या लंडन–ग्लासगो या वेस्ट कोस्ट मार्गाच्या सुधारणेचं उद्दिष्ट ताशी २२५ किमी होतं. २००८ मध्ये काम संपलं तेव्हा वेग २०० वर थांबलेला होता आणि खर्च सुरुवातीच्या अंदाजाच्या तिपटीहून जास्त झाला होता.

स्टेशनांबद्दल थोडक्यात: ३०० च्या मार्गावर प्रत्येक थांबा, वेग कमी करणं आणि पुन्हा घेणं धरून, पाच-सहा मिनिटं खातो. म्हणून मधल्या गावांसाठी शेतात स्टेशन काढलं जातं. फ्रान्समध्ये आमिया आणि सँ-काँताँ या गावांच्या मध्ये असं एक स्टेशन काढलं, तिथे जोडणारी स्थानिक रेल्वेच नव्हती. लोक त्याला ‘बीटांचं स्टेशन’ म्हणू लागले.

माझा कौल असा. जुना मार्ग भरलेला असेल आणि अंतर तीनशे किमीच्या पुढे असेल तर नवा मार्ग घ्या, ३५० चा हट्ट सोडून २५० किंवा ३०० वर समाधान मानून. मार्गावर जागा असेल आणि आखणी सरळ असेल तर सुधारणा करा: फाटकं बंद करून पूल बांधा, सिग्नल चालकाच्या केबिनमध्ये आणा, कारण २०० च्या पुढे रुळाशेजारचे दिवे भरवशाने वाचता येत नाहीत. मार्ग भरलेलाही आहे आणि पैसाही एकदम नाही, अशी स्थिती असेल आणि नव्या-जुन्या मार्गांचं गेज एकच असेल, तर टप्प्याटप्प्याने जाता येतं. पॅरिस–लिऑनचा दक्षिणेकडचा भाग १९८१ मध्ये आधी सुरू केला. उरलेलं अंतर त्याच गाड्या दोन वर्षं जुन्या रुळांवरून कापत होत्या, आणि दोन्ही शहरांत शिरायला तर पूर्ण झाल्यावरही त्यांनी जुनेच रूळ वापरले.