बिलात हेलिकॉइल, भोकात केबलची तार

सायलेन्सर इंजिनला धरून ठेवणारा स्टड (आट्यांचा खिळा) नुसता हाताने ओढला आणि बाहेर आला. त्याच्यावरचं एम-सील जळून काळं पडलेलं, आणि त्याखाली क्लच केबलची एक बारीक तार गोल गुंडाळलेली. अंधेरीच्या एका बाइकवाल्याला याच भोकाचे गेलेले आटे दुरुस्त केल्याचं बिल मिळालं होतं: ‘हेलिकॉइल, १ नग, ९०० रुपये’. हेलिकॉइल म्हणजे गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची स्टीलची कॉइल. गाडी वीस दिवस नीट चालली, मग फ्लँज (सायलेन्सरची इंजिनला बसणारी कडा) सैल होऊन फटफट सुरू झाली.

स्टड बसला की काम झाकलं जातं, म्हणून ही लबाडी खपते. पुढे सैल झालं तर दोष द्यायला मुंबईचे खड्डे आहेतच. सायलेन्सरच्या तोंडाशी एवढी उष्णता असते की तिथे एम-सील टिकणंच शक्य नाही; हे लावणाऱ्यालाही पक्कं ठाऊक असतं.

खरं काम कसं होतं ते माहीत असलं की चोरी लगेच पकडता येते. ८ मिमी स्टडचे (पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.२५ मिमी) ॲल्युमिनियममधले आटे गेले, तर भोक ८.३ किंवा ८.४ मिमीच्या ड्रिलने सरळ मोठं करतात. मग कॉइलचा खास टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार. याच्यावरही ‘एम ८’च लिहिलेलं असतं, पण व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) लावला तर बाहेरचा व्यास ९.६ मिमीच्या आसपास भरतो. साधा टॅप आठच भरतो. ॲल्युमिनियमवर टॅप मारताना थोडं रॉकेल सोडायचं, अर्धा फेरा पुढे गेलं की पाव फेरा मागे, आणि शेवटी हवेने धातूचा किस साफ. किस राहिला तर कॉइल तिरकी बसते.

कॉइल म्हणजे स्टेनलेस स्टीलची स्प्रिंग, पण तिची तार गोल नसते. छेद शंकरपाळ्यासारखा, म्हणून आत-बाहेर दोन्हीकडे आटे तयार होतात. सुटी कॉइल भोकापेक्षा जरा जाड असते, त्यामुळे आत गेल्यावर ताणून धरते. लांबी ॲल्युमिनियमसाठी व्यासाच्या किमान दीडपट, म्हणजे इथे १२ मिमी. ८ मिमीची आखूड कॉइल टाकून तेवढेच पैसे घेणं हा सगळ्यात सभ्य दिसणारा प्रकार. कॉइल पृष्ठभागापासून अर्धा आटा खाली थांबवायची. मग तळाची आडवी दांडी, जिला टँग म्हणतात, पंचने एक ठोका मारून तोडायची आणि चिमट्याने बाहेर काढायची.

ही तुटलेली टँग मागून घ्या. सुपारीच्या तुकड्याएवढीही नसते, पण कॉइल खरंच आत गेल्याची पावती तीच. ‘पडली कुठे तरी’ असं उत्तर आलं, तर स्टड बसवायच्या आधी टॉर्च मारून भोकात बघा: चकचकीत, एकसारखे स्टीलचे आटे दिसायलाच हवेत. (बिनटँगच्या कॉइलही मिळतात, पण त्यांचा टूल वेगळा असतो, तो दाखवायला सांगा.) किट दुर्मीळ नाही, नागदेवी स्ट्रीटच्या टूलच्या दुकानांत चौकशी करा.

स्पार्क प्लगच्या भोकात आणखी जपायला हवं. प्लगचे आटे जेवढे लांब, तेवढ्याच मापाची कॉइल. लांब झाली तर टोक सिलिंडरमध्ये तापतं, आखूड झाली तर उघड्या आट्यांवर कार्बन धरतो. हेड (सिलिंडरवरचं झाकण, ज्यात प्लग बसतो) न उतरवता टॅप मारणारा टॅपला ग्रीस चोपडत नसेल, तर किस पिस्टनवर पडतोय असं समजा.

याच्या उलटही एक प्रकार चालतो: ‘हेड गेला, नवाच लागेल.’ नुसते आटे गेले असतील आणि भोकाभोवती तडा नसेल, तर हेड बदलायची गरज नसते. तरी बदललाच तर जुना हेड हातात घ्या.

सगळ्यात वाईट म्हणजे कुणी आधीच १० मिमीचा साधा टॅप मारून ठेवलेला असतो. मग ८ मिमीची कॉइल त्यात धरत नाही. लेथवाल्याकडून बाहेर १२ आणि आत ८ मिमी आट्यांचा स्टीलचा बुश (पोकळ नळी) करून घ्यावा लागतो, तोही भोकाभोवती पुरेसं ॲल्युमिनियम उरलं असेल तरच. अंधेरीच्या त्या गाडीत नशिबाने भोक वाढवलेलं नव्हतं, ८.४चं ड्रिल फिरवल्यावर १२ मिमीची कॉइल सरळ बसली.