आठ टक्क्यांचं घर आणि वरचे पत्रे

जुनं घर विकणारा माणूस भिंती दाखवायच्या आधी किरायाचा कागद दाखवत असेल, तर सावध व्हा. आमच्यापुढे ठेवलेला कागद असा होता: पुढचे चार ब्लॉक, प्रत्येकी साडेआठ हजार; मागच्या तीन खोल्या, प्रत्येकी सहा हजार; महिन्याचे 52,000. वर्षाचे झाले 6 लाख 24 हजार. घराची किंमत 78 लाख. म्हणजे बरोबर आठ टक्के. "काकू, एफडीवर इतकं कोण देऊन राहिलं? वरून घराचा भाव वाढते तो वेगळाच," असं दलालानं ऐकवलं.

काटोलकडची सासऱ्यांची संत्र्याची बाग विकली, त्या पैशातून मी आणि माझ्या धाकट्या जावेनं दोघींच्या नावावर हे घर घेतलं. कर्ज नव्हतं, त्यामुळे बँकेचा मूल्यांकन करणारा माणूस घराकडे फिरकलाच नाही, आणि हे विकणाऱ्याच्या पथ्यावर पडलं. वस्ती नागपुरातली, सक्करदरा आणि नंदनवनच्या मधली, सरकारी मेडिकल कॉलेजजवळ. पुढचा भाग दुमजली, स्लॅबचा. अंगणापलीकडे ओळीनं तीन खोल्या. सर्च रिपोर्ट स्वच्छ, नागपूर सुधार प्रन्यासचं आरएल (प्लॉट नियमित केल्याचं पत्र) जागेवर, टॅक्स भरलेला. मालकीत काहीच खोट नव्हती. वकील मालकी पाहतो. किरायाचा आकडा आणि डोक्यावरचं छत तो पाहत नाही. फसवणूक नेमकी त्या दोन जागी होती.

रजिस्ट्री झाली आणि महिना उलटायच्या आत वरच्या मजल्यावरच्या दोन्ही किरायदारांनी खोली सोडायची नोटीस दिली. पाठोपाठ खालच्या दोघांनी. शिवाय प्रत्येकाचा पंचवीस हजारांच्या डिपॉझिटवर दावा. करारात तसं लिहिलं होतं आणि खरेदीखतात "किरायदारांच्या अनामत रकमेची जबाबदारी खरेदीदाराची" हे वाक्यही होतं. किमतीत ती रक्कम वळती केली आहे, असं विकणारा तोंडानं सांगत होता. कागदावर तसं कुठेच नव्हतं.

जावेनं चारही करार जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडले. चारही स्टॅम्प पेपर एकाच दिवशी, एकाच विक्रेत्याकडून घेतलेले, अनुक्रमांक ओळीनं. तीन वर्षांपासून राहतात म्हणून सांगितलेल्या माणसांचे करार विक्रीच्या जरासे आधीचे. सगळे नुसते नोटरी केलेले, नोंदणी एकाचीही नाही. मग आम्ही वीजबिलं काढली. प्रत्येक ब्लॉकला वेगळं मीटर आहे, आणि महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. वरच्या एका ब्लॉकचा तर एप्रिल-मे महिन्यांतला वापर शून्याच्या आसपास! नागपुरात मे महिन्यात माणूस कूलरशिवाय राहतो, यावर कोण विश्वास ठेवेल? ते ब्लॉक वर्षभर बंद होते. गिऱ्हाईक दिसल्यावर त्यात ओळखीपाळखीची माणसं आणून बसवली होती. त्यांच्यातला एक विकणाऱ्याच्या साल्याच्या दुकानात कामाला आहे, हे किराणावाल्यानं सहज बोलता बोलता सांगितलं.

खरा किराया किती, हे मग आम्ही स्वतः फिरून काढलं. टू-लेटच्या पाटीवरचा आकडा हा मागण्याचा आकडा असतो, मिळण्याचा नव्हे. आजूबाजूच्या तशाच जुन्या घरांत जे राहतात, त्यांनाच विचारायचं: महिन्याला देता किती, पाण्याचं बिल कोणाकडे, मागच्या वर्षी वाढवलं का. आपल्या गावात आणखी दोन गोष्टींवर किराया ठरतो. खिडकीला कूलर बसतो का, आणि खोली पश्चिमेला तोंड करून आहे का. कूलरला जागा नसलेली पश्चिमेची खोली मार्चपासून ओस पडते, मग तिचा "महिन्याचा भाव" वर्षाला बाराने गुणायचा कशाला? आमच्या पुढच्या ब्लॉकांना पाच हजार, मागच्या खोल्यांना दोन हजार, याहून एक रुपया जास्त कुठे निघेना. आपल्याकडे राहत्या घरावर किमतीच्या साधारण दोन ते चार टक्के वर्षाला सुटतात. जुन्या वस्तीत आठ टक्के दाखवणाऱ्यानं एकतर किंमत कमी लावलेली असते, नाहीतर किराया खोटा असतो. आणि किंमत कमी लावणारे परोपकारी लोक आम्हाला तरी भेटले नाहीत.

मागच्या कोपऱ्यातल्या खोलीत एक आजोबा राहतात. "आमच्या दुकानातले जुने नोकर, महिन्याभरात उमरेडला मुलाकडे जातात, मग ही खोली सहा हजारांनी लावा," असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं. महिना झाल्यावर मी विचारायला गेले, तर आजोबा म्हणाले, "बाई, तुम्ही मालकीण कधी झाल्या? मले तं कोणी सांगितलंच नाही." त्यांनी ट्रंकेतून पावत्यांचा गठ्ठा काढला. पहिली 1984 ची. ते नोकर नव्हते, किरायदार होते. किराया महिना 450 रुपये, आणि उमरेडला त्यांचं कोणीच नाही.

त्यांना मी दोष देत नाही. त्यांचा हक्क जुना आहे. त्या काळी नागपूर आणि जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडाच्या भागात 1949 चा भाडेनियंत्रण आदेश चालायचा. 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, 1999 लागू झाला. मालक बदलला म्हणून किरायदारी संपत नाही. किरायदार किराया नियमित देत असेल, तर कायद्यातल्या ठरावीक कारणांशिवाय त्याला काढता येत नाही. किराया वर्षाला चार टक्क्यांनी वाढवता येतो. 450 वर चार टक्के म्हणजे 18 रुपये. विकणाऱ्याला हे सगळं पाठ असणार, म्हणूनच तर त्यानं आजोबांना नोकर करून टाकलं. चार ब्लॉकांचे वीस हजार, दोन खोल्यांचे चार हजार आणि हे 450 धरले, तर 78 लाखांवर पावणेचार टक्के होतात, तेही एकही दिवस काही रिकामं राहणार नाही असं मानून.

याच कायद्याचं कलम 55 प्रत्येक नव्या खरेदीदारानं डोक्यात ठेवावं. किरायाचा करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल किरायदार सांगेल ते ग्राह्य धरलं जातं. महापालिका हद्दीत लिव्ह अँड लायसन्सच्या नोंदणीची फी एक हजार रुपये आहे, काम ऑनलाइन होतं. 78 लाखांचा सौदा करणारा माणूस हजार रुपये वाचवतो, तेव्हा कारण वेगळं असतं.

आता छताकडे येते. मागच्या तिन्ही खोल्यांना आतून नवंकोरं पांढरं पीव्हीसी सीलिंग होतं. बाहेरून पाहिलं तर वर चकचकीत पांढरा रंग. "उन्हाचा त्रास नको म्हणून कूल रूफ करून टाकलं," हे विकणाऱ्याचे शब्द. पहिल्याच पावसात दिव्याच्या होल्डरमधून पाणी टपकलं. इलेक्ट्रिशियननं सीलिंगची एक पट्टी काढली. वर करड्या रंगाचे जुने नालीदार सिमेंटचे पत्रे, भेगांत डांबर भरलेलं, कडा झिजून तंतू सुटलेले. आणि काढलेल्या पट्टीच्या पाठीवर करड्या भुकटीचा थर. इलेक्ट्रिशियन नवा हूक बसवायला पत्र्यात ड्रिल घालणार, तोच माझी जाऊ ओरडली. ती छातीच्या आजारांच्या वॉर्डात नर्स आहे.

आजोबांकडून पुढचं कळलं. आधी तिथे कवेलू होते. वानरं फोडायची म्हणून तीसेक वर्षांपूर्वी पत्रे टाकले. विक्रीच्या आधी दोन पोरं वर चढून तारेच्या ब्रशनं ते घासत होती, मग रंग मारला. ते घासणं ऐकून जावेनं कपाळावर हात मारला. अशा सिमेंटच्या पत्र्यात वजनाच्या साधारण आठ ते दहा टक्के अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे खनिजाचे बारीक तंतू असतात. पत्रा अखंड आणि घट्ट असेल तर तंतू फारसे सुटत नाहीत. कापला, फोडला, भोक पाडलं, कोरडा घासला की सुटतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, नाकातोंडावाटे फुप्फुसात जाऊन तिथेच राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अ‍ॅस्बेस्टॉसचे सगळेच प्रकार कर्करोगकारक आहेत, आणि मेसोथेलिओमासारखा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग वीस-तीस-चाळीस वर्षांनी उमटतो. आपल्याकडे अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींचे नवे पट्टे 1986 पासूनच थांबवले गेले, पण बाहेरून आणलेल्या पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे हार्डवेअरच्या दुकानात राजरोस मिळतात. भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय आपल्याच गावात, सिव्हिल लाइन्सला. आणि त्याच गावात निम्म्या गोठ्यांवर, गॅरेजवर हे पत्रे. असो.

पाण्याच्या निचऱ्याचा आणि संडासाचा वरचा पाइपही त्याच मालाचा निघाला. जुन्या घरात तोही पाहावा. काळा रंग दिलेला असला की लक्षात येत नाही. पत्र्याच्या मागे आयएस 459 असा शिक्का दिसला, तर तो अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचाच पत्रा. शिक्का पुसला असेल तर ओला करून छोटा तुकडा बंद पिशवीत प्रयोगशाळेत द्यायचा.

काढणाऱ्यांचीही तऱ्हा पाहिली. एक म्हणाला, हातोड्यानं दोन तासात खाली आणतो. दुसरा पैसेच मागेना. पत्रे फुकट काढून पारशिवनीकडच्या एका गोठ्यावर टाकणार होता. आमच्या डोक्यावरचं काढून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायचं आम्हाला पटलं नाही. शेवटी ज्यानं काम केलं, त्यानं पत्रे साबणपाण्यानं भिजवून, बोल्ट खोलून अखंड उतरवले, जाड प्लास्टिकच्या दुहेरी आवरणात बांधले, फरशी झाडली नाही, ओल्या फडक्यानं पुसली. माणसांना साधे कापडी मास्क नव्हे, बारीक धूळ अडवणारे एफएफपी3 दर्जाचे. विदर्भासाठी घातक कचऱ्याचं सामायिक केंद्र बुटीबोरीला आहे. तिथली वजनपावती हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही, असं आधीच लिहून घेतलं होतं. काम सुरू असताना आजोबांची सोय पुढच्या रिकाम्या ब्लॉकमध्ये केली. नव्या छपरासकट खर्च दोन लाखांच्या घरात गेला.

विकणाऱ्याला वकिलामार्फत नोटीस दिली. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 55 प्रमाणे, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या तपासणीत न दिसणारा मोठा दोष सांगणं त्याचं कर्तव्य आहे. त्याचं उत्तर आलं: घर "जसं आहे तसं" विकलं. सीलिंग आणि रंगाची बिलं मात्र त्याच्या नावावर, विक्रीच्या आधीच्या महिन्यातली. रंगवाल्यानं ती आम्हाला दिली. पोलिसांनी प्रकरण दिवाणी असल्याचं सांगून अर्ज ठेवून घेतला. दावा दाखल झाला आहे. चार बनावट किरायदारांपैकी दोघे डिपॉझिट मागायला नोटिशीनंतर परत आलेच नाहीत. विकणाऱ्याकडे पैसे भरल्याची पावती आणा, एवढंच आम्ही त्यांना लिहिलं होतं.

हे लिहिण्याचं कारण असं की तोच दलाल सध्या हुडकेश्वर रोडकडच्या एका जुन्या घराचा मेसेज फिरवतो आहे: आठ खोल्या, सगळ्या भरलेल्या, "साडेआठ टक्के रिटर्न". नणंदेच्या ऑफिसमधल्या एका बाईंनी बयाना द्यायची तयारी केली होती. आम्ही त्यांना प्रत्येक मीटरचं वर्षभराचं बिल, किराया जमा झालेलं बँक स्टेटमेंट आणि सीलिंगची एक पट्टी उघडून दाखवणं, एवढं मागायला सांगितलं. दलालानं त्यांना बिलं "पुढच्या आठवड्यात" देतो म्हणून सांगितलं आहे. सीलिंगची पट्टी उघडायला तो तयार नाही.