सरकारने खटला मागे घेतल्यावर वकील कशाला? चेंबूरमधील एका कार्यालयाविषयी अभिप्राय

सरकारने खटले मागे घेण्याचे जाहीर केल्यावर आरोपीला वकिलाची गरज उरत नाही, असा समज सर्वत्र आढळतो. तो समज किती महागात पडू शकतो हे चेंबूर स्थानकाजवळच्या एका छोट्या वकिली कार्यालयामुळे आमच्या कुटुंबाला वेळेवर कळले, म्हणून त्यांच्या सेवेविषयी सविस्तर लिहीत आहे.

माझ्या धाकट्या भावावर २०२० च्या टाळेबंदीत मनाई आदेश मोडल्याबद्दल भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली गुन्हा नोंदवला गेला होता. राज्य सरकारने असे खटले मागे घेण्याचे २०२२ मध्ये जाहीर केले, तेव्हा विषय संपला असे आम्ही धरून चाललो. पुढे परदेशातील नोकरीसाठी पासपोर्टची वेळ आली आणि खटला कुर्ल्याच्या न्यायालयात प्रलंबितच असल्याचे समजले. फौजदारी कार्यवाही प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारण्याची तरतूद १९६७ च्या पासपोर्ट कायद्यात आहे, त्यामुळे नोकरीच धोक्यात आली होती.

पहिल्याच भेटीत वकीलसाहेबांनी सांगितले की, खटला मागे घेण्याचा अर्ज आरोपीला किंवा त्याच्या वकिलाला करताच येत नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२१ नुसार तो अधिकार खटला चालवणाऱ्या सरकारी वकिलांचा आहे, निकाल लागेपर्यंत तो केव्हाही वापरता येतो आणि त्याला न्यायालयाची संमती लागते. सरकारने धोरण ठरवले तरी सरकारी वकिलांनी स्वतः विचार करून अर्ज द्यायचा असतो आणि तो सद्हेतूने व जनहितासाठी दिला आहे का, हे न्यायालय पाहते. केरळ विधानसभेत २०१५ साली झालेल्या मोडतोडीचा खटला मागे घेऊ देण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये नकार दिला, हे उदाहरणही त्यांनी दिले. आदल्याच आठवड्यात एका मध्यस्थाने पैशाच्या बदल्यात ‘कागदावरून नाव काढून देतो’ असे आम्हाला सांगितले होते, त्यामुळे आपल्या हातात काय नाही हे आधी सांगणारा वकील भेटल्याचे मला फार मोल वाटले.

मग फी कशाची, असा प्रश्न साहजिक आहे. शासन निर्णयाची प्रत आणि खटल्याचा क्रमांक जोडून त्यांनी सरकारी वकिलांकडे लेखी निवेदन दिले व त्याचा पाठपुरावा केला. अर्ज मंजूर होईपर्यंत एकही तारीख चुकू दिली नाही. भावाला येणे शक्य नसेल त्या दिवशी गैरहजेरी माफीचा अर्ज दिला. खटला संपला असे समजून लोक तारखांना जाणे सोडतात आणि वॉरंट निघाल्यावर जागे होतात, असे ते म्हणाले. आमच्या बाबतीत तेच होण्याच्या बेतात होते.

त्यांच्या कामाचा खरा कस आदेशाच्या दिवशी लागला. दोषारोप ठेवण्यापूर्वी, म्हणजे न्यायालयाने आरोप रीतसर निश्चित करण्यापूर्वी, खटला मागे घेतला तर आरोपीला केवळ आरोपमुक्त केले जाते. दोषारोप ठेवल्यानंतर, किंवा कायद्याने दोषारोप ठेवण्याची गरजच नसलेल्या खटल्यात, त्याची निर्दोष मुक्तता होते. कलम १८८ चा खटला समन्स पद्धतीचा, म्हणजे दोषारोप ठेवण्याची गरज नसलेल्या प्रकारचा. निर्दोष मुक्तता झालेल्या माणसावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालवता येत नाही, केवळ आरोपमुक्त झालेल्याला मात्र हे संरक्षण मिळत नाही. वकीलसाहेबांनी ही तरतूद नम्रपणे न्यायालयाच्या नजरेस आणली आणि निर्दोष मुक्ततेचा आदेश झाला. आम्ही एकटे गेलो असतो तर हा फरक आमच्या लक्षातही आला नसता. त्यानंतर आदेशाची प्रमाणित नक्कल काढून ती पोलीस ठाण्यात देणे व पोच घेणे, हेही त्यांनीच केले.

१ जुलै २०२४ पासूनच्या प्रकरणांना, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३६० लागू होते आणि त्यात पीडित व्यक्तीला म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय न्यायालयाला संमती देता येत नाही. ही तरतूद मला योग्य वाटते. आमचा खटला आधीपासून प्रलंबित असल्याने जुन्या संहितेप्रमाणेच चालला.

उणिवा दोन आहेत. तारखेला काय झाले हे कार्यालय आपणहून कळवत नाही, दर वेळी आपणच फोन करावा लागतो. नोकरी टांगणीला लागलेल्या माणसासाठी ही ताटकळ फार त्रासाची असते. शिवाय फी एकरकमी ठरली असली तरी नक्कल काढण्याचा खर्च वेगळा आहे, हे शेवटी सांगितले गेले. रक्कम मोठी नव्हती, पण ती आधी सांगायला हवी होती. असे जुने प्रकरण घेऊन जाणाऱ्यांनी प्रथम खबरी अहवालाची प्रत आणि न्यायालयातील खटला क्रमांक सोबत न्यावा, नकलेचा खर्च पहिल्याच भेटीत विचारावा, आणि आदेशाची नक्कल हाती येईपर्यंत वकीलपत्र चालू ठेवावे.