घरगुती ग्रीक जेवणासाठी क्रीट की सँटोरिनी?

ग्रीसला जायचं ठरलंय, हाताशी चार-पाच दिवस आहेत आणि एकाच बेटावर निवांत राहायचंय. अशा वेळी निळ्या घुमटांचे फोटो पाहून बहुतेकांचं पारडं सँटोरिनीकडे झुकतं. सूर्यास्तच पाहायचा असेल तर जरूर तिकडे जा. पण एखाद्या कुटुंबाने चालवलेल्या टॅव्हर्नात, म्हणजे तिथल्या खानावळीत, पोटभर जेवायचं असेल तर माझं मत क्रीटला.

कारण जमिनीत आहे. क्रीटचं क्षेत्रफळ 8,000 चौरस किलोमीटरच्या वर, सँटोरिनी जेमतेम 76. क्रीटच्या डोंगराळ गावांत खानावळ चालवणाऱ्या घराची बरेचदा स्वतःची ऑलिव्हची झाडं असतात, शेळ्यामेंढ्या असतात. घरचंच तेल ताटात येतं, आणि तेही सढळ हाताने. ‘डाकोस’ मागवून बघा: सातूचा कडक टोस्ट, किंचित ओलसर केलेला, वर किसलेला टोमॅटो, आंबटसर ताजं चीज, ओरेगॅनो आणि तेलाची धार. टोमॅटोचा रस टोस्टमध्ये मुरला की तळ अजून कुरकुरीत आणि वरचा थर मऊ, अशा वेळी खायचा. रानभाज्या नुसत्या उकडून तेल-लिंबू घालून देतात. उन्हाळी सॅलडमध्ये तर आपली घोळाची भाजीही सापडते. जेवण झालं की न मागता फळं किंवा काहीतरी गोड येतं, सोबत राकीची, म्हणजे द्राक्षांपासून गाळलेल्या दारूची, छोटी बाटली. त्याचे पैसे सहसा लावत नाहीत. पाव मात्र अनेकदा बिलात धरलेला असतो.

सँटोरिनीची माती ज्वालामुखीची, पाऊस अगदी कमी. तरी तिथे जे पिकतं त्याला तोड नाही. वाऱ्यापासून जपायला द्राक्षवेली जमिनीलगत टोपलीसारख्या गोल वळवतात. छोटे, जाड सालीचे टोमॅटो पाटपाण्याशिवाय वाढतात. त्यांची भजी इथे खाल्लीच पाहिजेत. आणि फावा! ही पिवळी डाळ विदर्भातल्या लाखोळीच्याच कुळातली. ती घोटून वर कच्चा कांदा आणि ऑलिव्ह तेल घालतात. बेटावरच्या अक्रोतिरी या प्राचीन वस्तीच्या उत्खननात तिचे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे दाणे सापडले आहेत. असा वारसा असलेली डाळ तिथे कमी प्रमाणात पिकते, म्हणून महाग मिळते. 1956 च्या भूकंपानंतर कित्येक कुटुंबं बेट सोडून गेली, पुढे पर्यटन आलं आणि शेतांच्या जागी हॉटेलं उभी राहिली. याचं मला मनापासून वाईट वाटतं. कड्यावरच्या हॉटेलांत तुम्ही मुख्यतः देखाव्याचे पैसे मोजता. घरगुती चव हवी तर आतल्या गावांकडे वळा, एम्पोरिओ किंवा मेगालोहोरीकडे.

शाकाहारी मंडळींची सोय दोन्हीकडे होते, क्रीटमध्ये जास्त. ऑर्थोडॉक्स चर्चचे उपवास वर्षाचा जवळपास निम्मा काळ चालतात, त्यामुळे तेलात शिजवलेल्या भाज्या आणि कडधान्यं रोजच्या स्वयंपाकातच असतात. पण ‘उपवासाचं’ म्हटलं की ते शाकाहारीच, असं धरून चालू नका. त्यात ऑक्टोपस आणि माखलीही चालते. भात भरलेल्या टोमॅटोत कधी खिमा असतो, तोही विचारून घ्या. काटेकोर शाकाहारी असाल तर चीजचंही बघा, ग्राव्हिएरासारख्या पारंपरिक चीजला बहुधा प्राणिजन्य रेनेट, म्हणजे वासरा-करडांच्या जठरातून काढलेलं विरजण, लावतात.

दोन्ही बेटं हवीच असतील तर हंगामात हेराक्लिओनहून वेगवान बोट साधारण दोन तासांत सँटोरिनीला पोहोचवते. मुक्काम क्रीटमध्ये ठेवा आणि सँटोरिनीला एक रात्र द्या. हिवाळ्यात जात असाल तर मात्र क्रीटच निवडा. हानिया, रेथिम्नो, हेराक्लिओन ही नांदती शहरं आहेत, तिथल्या खानावळी बाराही महिने गावकऱ्यांसाठी चालतात. सँटोरिनीतल्या बऱ्याच त्या काळात बंद असतात.